सिंधूताईंचा पाय आणि प्रसेनजितचा दम

प्रसेनजितचा दम ‘दोन बार’पाशीच का संपतो, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. माझा हा मुलगा मोताळ्याच्या भाजीबाजारात महादेवराव आडत्यांकडे हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारतो. वांग्याचं कॅरेट असो की मेथीचा ढीग, सगळं एका श्वासात: शेतकऱ्याचं नाव, भाव, वर एखादा टोमणा आणि मग ‘एक बार, दोन बार, तीन बार’. बायका भाजीपेक्षा आपल्यालाच ऐकायला येतात, असं तोच सांगतो.

मागल्या महिन्यात त्याच्या उजव्या कुशीत कळ निघाली. श्वास घेतला की टोचायची. गल्लीने लगेच निदान केलं: उसण भरली. उसण पायाळू माणसाच्या लाथेने उतरते म्हणतात, आणि शेजारच्या सिंधूताई पायाकडून जन्मलेल्या. हा त्यांच्या ओट्यावर पालथा पडला.

“हळू हो काकू, माह्यं लग्न व्हायचं हाय अजून!”

“मंग गप पड नं बे. फुकट लाथ देऊन राह्यली मी.”

आठवड्यात कळ गेली. सिंधूताईंचा रुबाब वाढला. पण एका सकाळी केसरबाई भाजीवालीने भर बाजारात विचारलं, “काऊन रे, दोन बारवरच गाडी बंद पडली?” ते कानावर आलं आणि मी त्याला बुलढाण्याला नेलं.

एक्स-रेत उजव्या फुप्फुसाभोवती पाणी दिसलं. लाथेची गोष्ट ऐकून डॉक्टर संजीवनी मॅडम हसल्या. “फुप्फुसाची सुजलेली आवरणं एकमेकांवर घासत होती. मध्ये पाणी भरलं, घासणं थांबलं, कळ गेली.” मग म्हणाल्या, “पाणी हा आजार नव्हे. ते कशाने साचलं, ते शोधायचंय.”

हृदय ठीक निघालं. पाठीतून सुईने काढलेलं पाणी तपासलं. टीबीची शंका आहे, पण पाण्यात जंतू सापडला नाही. दुसरंही काही असू शकतं. आता दुर्बिणीने आवरणाचा तुकडा तपासायला घ्यायचाय. उद्या भरती व्हायचं.

आणि हा म्हणतो, “आई, उद्या टमाटरची आवक हाय. पुढच्या आठवड्यात पाहू. पाणी काढलं तं बरं वाटून राह्यलं नं मले.”

बरं तर त्याला लाथेनंतरही वाटलं होतं.

आत्ता पाठीशी उशा लावून, बसल्यासारखा झोपलाय. पहाटे महादेवराव गाड्या उतरवायला उठतात. हा जागा व्हायच्या आत मीच त्यांना फोन करून सांगणार आहे, आजची हर्रास दुसऱ्या कोणाकडून पुकारून घ्या. प्रसेनजित चिडेल. चिडू दे, दवाखान्यात बसून चिडेल.