कामकरी कुत्र्याचं पोतं

वेल्समध्ये टायवी नदीकाठी राहणाऱ्या इडवलनं गुरं विकली त्याला जमाना झाला. पण कॉर्गी या गुरं हाकणाऱ्या बुटक्या जातीच्या नव्या पिल्लासाठी या पठ्ठ्यानं दुकानातून कामकरी कुत्र्यांच्या खाण्याचं पोतं उचललं. त्यावर कर नसतो, म्हणून ते स्वस्त.

"हे एवढंसं काय काम करणार रे?" त्याच्या काखेतल्या पिल्लाकडे बघत दुकानदारानं विचारलं.

"गुरं हाकणार!" इडवल ठसक्यात म्हणाला.

घरी गुरं हाकणारा धन्याच्या मांडीवर कोचात लोळला, आणि ते जड खाणं न पचून त्यानं गालिचा घाण केला. इडवलची बायको मारेद फडकं आपटत कडाडली,

"ऊठ, पिल्लांचं खाणं घेऊन ये! कामकऱ्याचं खाऊन कोचावर लोळणारा मला एकच परवडतो."