काचेपलीकडे बोलायचं बटण

आमच्या स्टुडिओत मिक्सरच्या कोपऱ्यात एक लाल बटण आहे. ते दाबून बोललं की काचेपलीकडे गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये ऐकू जातं. कॉलेजपासून मी तिथे गिटार वाजवत होते, पण त्या बटणाला कधी हात लावला नव्हता.

गिटारवाल्याला बोलावं लागत नाही, म्हणून तर हे काम मला आवडलं. सकाळी कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं, दुपारी कन्नड भजन, संध्याकाळी तेलुगू लग्नगीत. मेंडोलिन हवं? गिटारवर वाजवते. तुणतुणं? तारांखाली स्पंजचा तुकडा घालते. सांगतील ते वाजवायचं आणि निघायचं. पण घरी जाताना रिक्षातही बोटं पिशवीच्या पट्ट्यावर चालत राहायची. ढोलकी एवढी पुढे का घेतली, गाणारीचा आवाज मागे का टाकला, हे पटायचं नाही. कुणाला म्हणायचेही नाही.

यंदा उन्हाळ्यात आमच्या सरांना, म्हणजे स्टुडिओच्या मालकांना, पुण्यात मोठं काम मिळालं. मागे इथली रेकॉर्डिंग कोण करून घेणार, असा प्रश्न निघाला. मी करते, म्हटलं.

सर हसले. "तू? मॅडम, तुला चहा हवा असला तरी तू मेसेज करतेस."

मग म्हणाले, "एक गाणं करून दाखव. वाजवायचं नाही, करून घ्यायचं. नाही जमलं तर पुण्याचा एक मुलगा आणतो. तू आपली गिटार सांभाळ."

गाणं एका काकूंचं होतं. चादरीच्या दुकानवाल्या घरातल्या, भजनी मंडळात गाणाऱ्या, गाणं स्वतःच लिहून आणलेल्या. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हींत आवाज सारखाच मोठा. येताना डब्यातून आमच्यासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणली होती. "तू खा, मी गाऊन खाते. आत्ता खाल्ली तर घशात अडकंल," म्हणाल्या.

सर मागच्या सोफ्यावर बसले, मी त्यांच्या खुर्चीत. पाठीला लावायची त्यांची उशी खुर्चीतच होती. टेकावं की नाही कळेना, म्हणून मी टोकाला बसले. गिटार मी आधीच रेकॉर्ड करून ठेवली होती. ती हेडफोनमध्ये ऐकत काकू गायला लागल्या. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्यात सूर हळूहळू वर चढला आणि गिटार खाली राहिली.

मी बटण दाबलं. "छान. अजून एकदा करू या?"

"छान झालं तर परत कशाला?"

"थोडा फील येऊ दे अजून."

"कुठला फील?"

मागून सर म्हणाले, "सूर चढतोय म्हणून सांग ना."

शाळेतल्या इंग्रजीत मला ते सहज सांगता आलं असतं. 'शार्प' म्हटलं की झालं, कुणाचा अपमान होत नाही. पण आईच्या वयाच्या बाईला 'तुमचा सूर चढतोय' म्हणणं म्हणजे त्यांच्या निऱ्या सुटल्यात असं एसटी स्टँडच्या लाऊडस्पीकरवरून सांगण्यासारखं वाटलं. निऱ्या सुटल्या तर आपण जवळ जातो, हळूच सांगतो, खोचूनही देतो.

पुन्हा गायल्या, पुन्हा चढल्या. मी पुन्हा छान म्हटलं. काकूंनी हेडफोन काढून पदराने मान पुसली. आत एसी बंद ठेवावा लागतो, त्याची घरघर माइकमध्ये येते.

"पोरी, तू माझ्याकडं बघंना झालीस. काय झालंय ते सांग की."

मी रेकॉर्डिंग चालू ठेवून उठले आणि गिटार घेतली.

"कुठे?" सर म्हणाले.

"आत."

"गिटारचा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरेल. नंतर वेगळा करता येणार नाही."

"माहितीये."

आत पत्र्याच्या शेडसारखं तापलं होतं. मी काकूंच्या समोर स्टूल ओढलं, गुडघ्याला गुडघा लागेल एवढं जवळ, आणि त्यांचे हेडफोन बाजूला ठेवले. वाजवायला लागले. दुसऱ्या कडव्यात त्या चढल्या तशी मी तारांवर तळवा ठेवला.

"का थांबलीस?"

"तुम्ही वर गेलात. सूर इथे आहे." मी ती तार छेडली.

"आधीपण जात होते?"

"प्रत्येक वेळी."

"आणि वर छान छान काय म्हणत होतीस?" त्या हसायला लागल्या. "आमची सून असंच करते. आमटी खारट झाली तरी चांगली झालीय म्हणते, आणि सगळं घर पाणी पीत बसतं."

त्यानंतर मी आणखी दोनदा थांबले. मग थांबावं लागलं नाही. एका लांब ओळीला त्यांनी श्वास घ्यायला वेळ घेतला, तेव्हा मी त्यांच्यासाठी थांबून राहिले.

बाहेर आले तेव्हा सरांच्या कानाला हेडफोन होते. "आवाजात गिटार मिसळलीय. आता काही दुरुस्त करता येणार नाही."

"नाही करायचं. तबला नंतर भरू, तो काकूंच्या मागून येईल."

"दुसऱ्या कडव्यात स्टूल करकरलंय."

"राहू दे."

"कोण म्हणतंय राहू दे?"

"मी," म्हटलं. माझे कान तापले होते. त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि काकूंच्या डब्यातली भाकरी मोडली.

पुण्याच्या मुलाचा विषय पुन्हा निघाला नाही. सर पुण्याला गेले त्यानंतर मी स्टुडिओ उघडला, तर खुर्चीत उशी नव्हती. ती ते सोबत घेऊन गेले होते.

त्या खुर्चीत मला अजून बसवत नाही. बटण आहे तिथे आहे. मी सारखी आत जाते, बाहेर येते, ऐकते, परत आत जाते. परवा एक गाणारे काका वैतागले. "बाई, बसा की जरा. आमालाच गरगरायला लागलंय."