तुकाबाईचा काटा

घोटावड्याच्या शिवारात साठी उलटलेल्या तुकाबाईला कोण ओळखत नाही? जातीची धनगरीण. शाळेची पायरी कधी चढली नाही, पण कुठली मेंढी कुठल्या अमावस्येला व्याली ते तोंडपाठ. एकदा बिबट्यानं धरलेलं कोकरू तिनं काठी हाणून सोडवलं होतं.

पुण्याच्या गौतमीबाई बायबल मावळच्या बोलीत उतरवत होत्या. उतरवलेलं गावच्या कानाला पटतं का, ते बघायला त्यांनी चार माणसं जमवली. त्यात तुकाबाई. शब्द पक्का करून लिहायचे निवृत्त हेडमास्तर दादासाहेब.

एक ओळ अडली. देव एकच हाय, हे भुतांना बी ठावं हाय, आन् ती काय करत्यात? दादासाहेबांनी लिहिलं होतं, ‘थरथर कापत्यात.’

“न्हाई जमलं,” तुकाबाई म्हणाली. “लोकर कातरल्यावर मेंढरू बी थंडीनं कापतं. त्येला काय देव दिसतो व्हय?”

सगळे हसले. दादासाहेबांच्या कपाळाला आठी. “तुकाबाई, तुला ऐकाय बोलावलंय. शब्द आमी बगतो.”

हे तिला झोंबलं. दोन महिने नुसतं व्हय-न्हाई करून झालं, पण तिचा एकही शब्द कागदावर चढला नव्हता. आज चढवल्याबिगर उठायचं न्हाई, तिनं ठरवलं.

“बाई, मुळात काय लिव्हलंय?”

“ग्रीकमधे ‘फ्रिस्सो’ आहे,” गौतमीबाई म्हणाल्या. “भीतीनं अंगावरचे केस ताठ उभे राहणं.”

“मंग चला माज्या वाड्यावर.”

भर दुपारी सगळी वरात मेंढरांपाशी आली. कुत्रं लिंबाखाली पसरलं होतं. तुकाबाईनं तोंडाशी पदर धरला आणि घशातनं करवत ओढल्यागत आवाज काढला. खर्र... खर्र... हुबेहूब बिबट्या. नवं कुत्रं राखणीला तयार करायला ती हाच आवाज काढायची.

मेंढरं एकमेकांत घुसली. कुत्रं ताडकन उठलं. मानेपासनं शेपटीपर्यंत केस उभे, पाय मात्र जागीच रोवलेले.

“बगा. म्होरं कोण हाय ते त्येला ठावं हाय. ह्येला म्हंत्यात अंगावर काटा उभा ऱ्हाणं.”

दादासाहेब तोंड उघडणार, तोच तिनं त्यांचा हात धरून वर केला. मनगटापासनं कोपरापर्यंत पांढरे केस ताठ!

“आन् मास्तर, तुमाला तर ठावं व्हतं, ही तुकी हाय म्हणून!”

गौतमीबाई हसून हसून खालीच बसल्या. दादासाहेबांनी हाताकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं. मग गुडघ्यावर कागद ठेवून आपली ओळ खोडली आणि लिहिलं, ‘भुतांच्या बी अंगावर काटा उभा ऱ्हातो.’

“वाचा,” तुकाबाई म्हणाली. “मोट्यांदा. त्या बांधाला आमचं म्हातारं बसलंय, त्येला बी कळू द्या.”

मास्तरांनी शाळेच्या पटांगणात घालावी तशी हाळी घालून ओळ वाचली.

बांधावरनं तिचा नवरा म्हसू काठी घेऊन उठला. “काय गं, बिबट्या आला का काय?”

“आला व्हता!” तुकाबाई ओरडली. “पार पुस्तकात जाऊन बसला!”