म्हातारीनं मारलं

आता काय सांगू तुम्हाला! सख्ख्या आईवर मारहाणीचा आळ घेणारा पोरगा कधी बघितलाय? नसेल तर बघून घ्या. तुमच्यासमोर बसून चहा पितोय.

आमचे आप्पा वकील. त्यांची एक मोटार होती, स्वातंत्र्याच्या आधीची. पुढच्या भोकात हँडल घालून गरागरा फिरवायचं, मग ती खोकत खोकत जागी व्हायची, तसली. घरात तिला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. "आज म्हातारी रुसलीय." "म्हातारीला पाणी घाला रं." आप्पा गेले आणि ती हिंडलग्याला आमच्या शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

आणि इकडं वडगावच्या घरात आई खिडकीशी बसली ती बसलीच. सकाळी जेवलेलं दुपारी आठवायचं नाही. नातवंडांची नावं गेली. एकच गोष्ट तेवढी जात नव्हती. "ह्यांच्या गाडीतनं एकदा निपाणीला जाऊन येऊया की रं." निपाणी तिचं माहेर. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणसं ओळखतायत तोवर काय ते करून घ्या."

म्हणून मी ठरवलं, गाडी सुरू करायची. आता मी कोण? शाळेत मराठी शिकवणारा मास्तर! खडूनंसुद्धा बोट कापून घेणारा माणूस! पण असल्या जुन्या गाड्यांचा मेस्त्री गावात एकच उरलेला, आणि त्याला आता दिसत नाही. मग काय, मोबाइलवर बघत बघत मीच पाना हातात घेतला.

पहिल्या रविवारी गंजलेल्या नटावरनं पाना निसटला आणि चार बोटांची सालटी निघाली. दुसऱ्या रविवारी पंख्याच्या पात्यात बोट अडकून नख गेलं. तिसऱ्या रविवारी इंजिन एकदाच खोकलं, मी आनंदानं "अरे वा!" म्हणेपर्यंत हँडल उलटं फिरलं, आणि अंगठा फाटून वांग्यासारखा सुजला.

शाळेत कानडी शिकवणाऱ्या एक मॅडम धारवाडहून नवीनच आलेल्या. स्वभावानं फार मायाळू. पहिल्या सोमवारी त्यांनी विचारलं, "सर, हाताला काय झालं री?"

"काही नाही हो. म्हातारीनं मारलं."

दुसऱ्या सोमवारी त्या दचकल्याच. "परत?"

"परत! वडील होते तोवर गपगुमान असायची. ते गेले आणि बिथरली बघा."

"मग तुम्ही काय करताय?"

"काय करणार? तोंड उघडून तेल ओततोय. तरी लाथ मारतीया!"

"अय्यो!" मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, बाईंना मोटारींची लई आवड दिसतीय! म्हणून तिसऱ्या सोमवारी, सुजलेला अंगठा नाचवत, मी आपणहून सांगितलं, "आता बास झालं. पुढच्या रविवारी तिचं डोकंच उघडून आत घासून काढतो."

मॅडमनी माझ्या मामांचा फोन नंबर तेवढा मागून घेतला. मला वाटलं, मोटारीचंच काहीतरी असेल.

पुढच्या रविवारी दुपारी शेडवरनं घरी आलो, तर सोप्यात मॅडम बसलेल्या आणि शेजारी निपाणीचे मामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तंबाखूच्या वखारीत सगळा जन्म काढलेला, आवाज अजून तसाच ठसकेबाज.

"ये, बस. आक्का तुला मारती व्हय रं?"

"कोण आक्का?"

"नाटकं करू नको! ह्या बाईंनी फोन करून सगळं सांगितलंय. आणि तू आक्काचं डोकं उघडणार हाईस म्हणं? तोंडात तेल वततोस म्हणं? लाज न्हाय वाटत?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. पडला आणि मी जो हसत सुटलो! "अहो मामा, म्हातारी म्हणजे गाडी! आप्पांची गाडी!"

मामांनी कपाळावर हात मारला. मॅडमनी तोंडाला पदर लावला. मग तेही हसायला लागले. आम्ही तिघं डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसलो.

खिडकीजवळची आई उठली, ते आमच्यापैकी कुणी बघितलंच नाही.

भिंतीला धरत धरत ती माझ्यापाशी आली. माझा हात हातात घेऊन तिनं एकेक बोट बघितलं. "मी मारलं व्हय रं तुला?"

"न्हाय गं आई, गाडीचं हँडल लागलं."

"माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय रं कायबी. मारलं असंल मी. चुकलं माझं." आणि तिनं माझ्यापुढं हात जोडले.

माझ्यापुढं! जिनं उभ्या जन्मात मला चापट मारली नाही, तिनं! मामा उठून बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. मॅडम तर हुंदके द्यायला लागल्या. मी आईला दहादा समजावलं. तिनं दहादा मान हलवली. आणि तासाभरानं परत माझा हात धरून तेच, "मी मारलं व्हय रं?"

म्हातारी काही सुरू झाली नाही. शेवटी भाड्याच्या गाडीतनं आईला निपाणीला घेऊन गेलो. वाटेत तिनं सीटवरनं हात फिरवत विचारलं, "ही ह्यांचीच गाडी न्हवं?" मी बाहेर बघत म्हणालो, "व्हय." ती खूश झाली. माहेरच्या दारात पोचल्यावर मात्र तिनं घर ओळखलं नाही.

जखमा भरल्या, पण अंगठ्यावरचा वण राहिला. आईला निपाणी आठवत नाही, हा वण मात्र रोज दिसतो. रोज सकाळी चहाच्या वेळी तोच प्रश्न, तेच हात जोडणं. मी रोज 'न्हाय' म्हणायचो, आणि तिला ते खोटं वाटायचं.

परवा मी थकलो. म्हटलं, नाही म्हणून काही उपयोग होत नाही, एकदा होय म्हणून बघू. "व्हय आई," म्हणालो, "तूच मारलंस."

आईनं जोडलेले हात सोडले. कप उचलला, एक घोट घेतला. कितीतरी महिन्यांनी माझ्याकडं पूर्वीसारखं नीट, निरखून बघितलं आणि म्हणाली,

"मग तू बी तसलंच कायतरी केलं असशील."