मॉर्फियाच्या गोळ्या संपल्या तेव्हा

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी होडी माझ्या पायावर आली. किनाऱ्यावर ओढून घेताना तिच्याखालचा ओंडका निसटला आणि ती कलंडली. मी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजूने चालले होते. मांडीचं हाड मोडून चामडीबाहेर आलं. मी ते पाहिलं, आणि पाटीतली मासळी वाळूत सांडली म्हणून सासू ओरडेल, एवढंच तेव्हा मनात आलं. नवऱ्याने मला शिडाच्या कापडात गुंडाळून बैलगाडीत घातलं. आमच्या चौक गावापासून भाईंदर स्टेशनापर्यंतचा एकेक खड्डा माझ्या मांडीत शिरला.

मुंबईच्या इस्पितळात नर्सने दंडात सुई टोचली. थोड्या वेळाने दुखणं खाटेपासून लांब जाऊन बसलं. ते होतं, दिसत होतं, पण माझं नव्हतं. असं सुख मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

प्लास्टर घालून घरी आले. भाईंदरच्या डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. "फार दुखलं तरच घ्यायची, बाई." डॉक्टर भला माणूस होता, आणि मला खरोखर फार दुखत होतं. अर्धीची एक झाली, एकाच्या दोन झाल्या. प्लास्टर निघालं, काठी घेऊन चालायला लागले, तरी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी गोळी लागायची. चर्चमध्ये मिस्साला जाण्याआधी लागायची. सासूने आवाज चढवला तरी लागायची. डॉक्टरचं औषध म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मग लढाई लागली. डॉक्टर फौजेत गेले आणि दवाखाना बंद झाला. नवरा त्यांच्या कंपाउंडरच्या घरी गेला, तर तो म्हणाला, "मॉर्फिया आता मिळायचं नाही. सगळा माल फौजेकडे जातोय."

"मग तिने काय करायचं?"

"थोडे दिवस सर्दीसारखं होईल. होईल बरं."

सुरुवात सर्दीसारखीच झाली. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी, आणि जबडा निखळेल अशा जांभया. अंगावर काटा उभा राहिला तो बसेना. संध्याकाळपर्यंत पोटात कुणीतरी दोर पिळत असल्यासारखं व्हायला लागलं. जे खाल्लं ते वरून गेलं, जे उरलं ते खालून. बाहेर काठ्यांवर बोंबील वाळत होते. ज्या वासात मी जन्मले, त्याच वासाने मला ओकाऱ्या येत होत्या. पाय आपोआप लाथा झाडायचे. मोडलेला पायसुद्धा. तो झाडला की हाड परत मोडल्यासारखी कळ मस्तकात जायची, आणि ती जिरायच्या आत तो पुन्हा झाडायचा. झोप तर नव्हतीच.

आणि राग. त्या रागाबद्दल कंपाउंडर काही बोलला नव्हता. सासू पाणी घेऊन आली, तर मी तांब्या तिच्या तोंडावर फेकला. तिची भुवई फुटली. तिने पदराने रक्त टिपलं आणि आधी घरातली विळी, कोयता, जाळं शिवायच्या सुया, सगळं उचलून ती शेजारणीकडे ठेवून आली. परत आल्यावर मला म्हणाली, "आता काय फेकायचं ते फेक." मी मडकी फेकली. मीठ फेकलं. भिंतीवरचा क्रूससुद्धा काठीने पाडला. आमच्या दारात बाया जमल्या. एकजण म्हणाली, "हिच्यात काहीतरी शिरलंय. पाद्रीबाबांना बोलवा." सासूने तिला हाताला धरून अंगणाबाहेर काढलं.

नवरा होडीवरून आला की कोपऱ्यात बसून राहायचा. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. मी त्याची कच्ची बाजू ओळखून होते. सासू पाण्याला गेली तेव्हा मी त्याचा शर्ट धरला.

"भाईंदरला अफूचं दुकान हाय ना? सरकारी? तिथून आण."

"आयला कळलं तर..."

"न्हाय आणलंस तर विहिरीत उडी घेईन. बघत बस मग."

तो गेला. तो परत येईपर्यंत मी दाराच्या चौकटीवर डोकं आपटत होते, कारण कपाळ दुखलं की बाकीचं थोडं कमी वाटायचं. तो आला तेव्हा त्याच्या मुठीत पानात गुंडाळलेली काळी गोळी होती. मला लांबूनच तिचा वास आला. सासूलाही आला. ती चुलीपाशी बसली होती. ती उठली, तिने मुलाची मूठ उघडली, आणि ती गोळी चुलीत टाकली.

मी चुलीवर झेप घेतली. ज्या पायावर मला धड उभं राहता येत नव्हतं त्याच पायाने उडी मारली. हात निखाऱ्यांत घातला. कातडी चरचरलेली मी ऐकली, पण हात बाहेर काढला नाही. बोटं ती गोळी शोधत होती. सासूने माझे केस धरून मला मागे ओढलं. मी वळले आणि तिच्या हाताला, मनगटाच्या वर, चावले. सोडलं नाही. तोंडात तिचं रक्त आलं, दाताला काहीतरी टणक लागलं. तिने दुसऱ्या हाताने माझ्या कानशिलावर मारलं, परत मारलं, माझं डोकं जमिनीवर दाबलं. नवरा मध्ये आला तर तिनेच त्याला लाथ घातली. "तू लांब हो! तूच आणलंस!" मी तिला रांड म्हटलं, कसाबीण म्हटलं, तुझा मुडदा दर्यात जावो म्हटलं. शेवटी ती माझ्या छातीवर बसली, आणि मला श्वास पुरेना तेव्हा माझे दात सुटले.

दोघी तशाच पडून होतो. माझा हात भाजलेला, तिचा फाटलेला. ती छताकडे बघत बोलली.

"माझा पहिला पोर लई रडायचा. मना मासळी घेऊन जायचं असायचं. बाया म्हणाल्या, चिमूटभर अफू दे, झोपंल. दिली. झोपला. मी बाजारातून आली तवा गार पडला होता."

नवरा दारात उभा होता. आपल्याआधी कुणी होता हे त्याला माहीतच नव्हतं. तो किनाऱ्याकडे गेला.

मला तेव्हा तिची दया आली असं मी सांगणार नाही. माझ्या डोक्यात अजून ती चुलीतली गोळीच होती. पण त्यानंतर मी अफू मागितली नाही. मागून मिळणार नाही, हे कळलं होतं.

त्रास मात्र लगेच संपला नाही. पाय झाडायला लागले की सासू माझ्या मांड्यांवर आडवी पडायची. तिच्या वजनाने बरं वाटायचं. ती चमच्याने मिठाची पेज पाजायची. मी ती तिच्या अंगावर थुंकायचे. ती पुसायची आणि पुढचा चमचा भरायची. "थुंक," म्हणायची, "हंडीत अजून हाय." एकदा मी तिच्या पोटात कोपर मारलं तेव्हा तीही भडकली आणि तिने माझ्या मुस्काटात दिली. मग दोघी रडलो, वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून.

एका दुपारी पेज पोटात राहिली, आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा अंगावर काटा नव्हता. बोंबलाचा वास आला आणि भूक लागली. मी भाजलेले बोंबील आणि भात खाल्ला, आणि खाताना घाबरत होते की परत पोट पिळेल. नाही पिळलं.

तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या पायाचं खरं दुखणं भेटलं. सगळं वादळ ओसरल्यावर ते एकटंच उरलं होतं. मांडीत खोल, ठसठसणारं. पण मी इतके महिने ज्याच्यासाठी गोळ्या घेत होते त्यापेक्षा ते कितीतरी लहान होतं. त्याच्याबरोबर भाकरी थापता येत होती. ते आजही आहे. झोप मात्र वर्षभर धड लागली नाही, आणि कधी विनाकारण अंग थरथरायचं, तेव्हा मी बाहेर जाऊन बोंबलाच्या काठ्या दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहायचे.

सासूचा हात पिकला. ताप आला, हात कोपरापर्यंत सुजला. कंपाउंडरने कापून पू काढला तेव्हा ती दात आवळून बसली होती आणि मी तिचं डोकं पोटाशी धरलं होतं. ती वाचली, पण त्या हाताची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. विळीवर तिला मासळी धरता येईना. मला पाटी घेऊन चालता येत नव्हतं. म्हणून मी बसून कापायला लागले आणि ती डोक्यावर पाटी घेऊन विकायला जायला लागली. हे कुणी ठरवलं नाही.

मी सुरमईचे तुकडे जाड कापते म्हणून ती रोज शिव्या द्यायची. मी म्हणायचे, "मग तूच काप." ती पाटी उचलायची, पाटीखालची चुंबळ सारखी करायची, आणि अंगणाबाहेर जाईपर्यंत बडबडत राहायची.