आठ उपाशी, चार जेवलेले

आधी कबूल करतो, मी आईवर चिडलो होतो. आई म्हणजे आमच्या जूचंद्रच्या डोंगरावरची देवी. ऐन नवरात्रात माझ्या बायकोला डेंग्यू झाला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते थांबेना. वसईतले डॉक्टर म्हणाले, "प्लेटलेट फार खाली गेल्यात. संध्याकाळपर्यंत चार पिशव्या चढवायला हव्यात. आतून रक्त जायला लागलं तर आमच्या हातात काही राहणार नाही. बोरिवलीच्या रक्तपेढीत चार माणसं न्या, त्यांच्या रक्तातून काढून देतील."

मी तिसरी नापास. प्लेटलेट काय ते ठाऊक नव्हतं, पण चार म्हटलं की आठ न्यायची हे ठाऊक होतं. सकाळची आरती झाली तसा देवळाच्या पायरीवर उभा राहून भाषण ठोकलं आणि मला धरून आठ जण टेम्पोत चढवले. सगळे आईचे कडक उपासवाले, अनवाणी. मी तर निर्जळी. नवस बोललो होतो, ही उठून बसेपर्यंत तोंडात थेंब घालणार नाही. मनात म्हटलं, इतकं शुद्ध रक्त त्या पेढीला जन्मात मिळालं नसेल! वर मासळीच्या पेटीत दाबून बर्फ भरून घेतला. दवाखान्यात डोकावलो तर बायको पेटी बघून म्हणाली, "मला बरी करताय का बाजारात नेताय?" तेवढं बोलली आणि तोंडाला लावलेला रुमाल परत लाल झाला. मग मी थांबलो नाही.

पेढीतल्या बाईंनी पहिल्याला विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

"कायच नाय!" तो छाती फुगवून म्हणाला. दुसराही तसाच. तिसराही. आठव्यापर्यंत बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, उपाशी माणसाचं रक्त आम्ही घेत नाही. चक्कर येऊन पडतात."

"आमी नाय पडनार बाई. आमी आगरी मानसं," मी म्हणालो, आणि पडलो.

डोळे उघडले तर बाई पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या. मी तोंड मिटून घेतलं. नवस होता ना! बाई इतक्या वैतागल्या की विचारू नका. "तुम्हाला बायको वाचवायची आहे की उपास?" मीच उलट त्यांच्यावर डाफरलो, "रक्त म्हणजे रक्त, त्यात येवडं काय असतंय?"

तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावलं. रक्तात तीन जातीच्या पेशी. लाल असतात त्या छातीतली हवा अंगभर वाहून नेतात. पांढऱ्या असतात त्या बाहेरून आलेल्या रोगाशी लढतात. आणि तिसऱ्या या प्लेटलेट, सगळ्यात बारक्या. कुठे रक्ताची नळी फुटली की धावत जातात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात.

हे मला लगेच कळलं. आमची शेती खाडीच्या कडेला. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी भातात घुसतं. तेव्हा हाक मारली की जो असेल तो धावतो, चिखलाचे गोळे लावतो, चिखल कमी पडला तर स्वतः आडवा होतो. बायकोचा बांध फुटला होता आणि मी काय आणलं होतं? आठ माणसं, एकाच्याही हातात चिखल नाही! मला माझाच एवढा राग आला की आईवरचा राग विसरलो.

बाकावर एक दांडगा माणूस बसला होता. गळ्यात क्रूस. त्याने सगळं ऐकलं होतं. तो उठून आला. "बाबा, आम्ही चौघं आलोय वसईहून, शेजारणीच्या ऑपरेशनसाठी. आत्ता कळलं, ऑपरेशन पुढे गेलं. परत निघालो होतो. आमचं घ्या. आम्ही चौघं पोटभर जेवून आलोय."

चौघं. मी मोजलं, मग परत मोजलं.

"तुमचं नवरात्र, आमचा रोझरीचा महिना, आमच्या आईच्या जपमाळेचा," तो म्हणाला. "दोन्ही आईचेच दिवस. आता हे खा, नाहीतर तुम्हालाच चढवायला लागेल." त्याने पिशवीतून सुकेळी काढली, वसईची, केळी वाळवून करतात ती. मी डोळे मिटले, आईला म्हटलं, तुझी मर्जी, आणि खाल्ली. दुसरीही खाल्ली. तिसरी मागितली.

संध्याकाळी पिशव्या तयार झाल्या तेव्हा मी बर्फाची पेटी पुढे केली. बाईंनी कपाळाला हात लावला. "प्लेटलेट बर्फात घालायच्या नसतात हो काका!" मग मी पेटी बाजूला सारली आणि पिशव्या मांडीवर फडक्यात धरून आणल्या. रात्रीत हिरड्यांचं रक्त थांबलं. दसऱ्याला बायको उठून बसली. सगळं ऐकून म्हणाली, "देवीनं तुमच्यावर सोडलं नाय ते बरं केलं."

खरं आहे. मी आईला सांगत बसलो होतो की मी काय काय सोडणार. तिला काय हवं ते विचारलंच नव्हतं. तिला त्या दिवशी जेवलेली माणसं हवी होती, ती तिची तिनेच आणून बसवली होती. त्या माणसाचं नाव विचारायचं मी विसरलो. खाण्यात होतो.

आता दर वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी आम्ही आठ जण रक्त देऊन येतो. बायको दारात उभी राहून प्रत्येकाच्या ताटातली भाकरी संपली का बघते आणि मगच टेम्पो सोडते. आई डोंगरावरून बघत असेलच, पण बायको जवळून बघते.