शेवटचा वाटा

शैलाकाकूंनी मला त्यांच्या घराची किल्ली दिली, तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. "कंपनीतून येशील तेव्हा मी देवळात असले तर दारात ताटकळू नकोस," एवढंच म्हणाल्या. नववीत शाळा सुटलेली, गोंदियाकडची, बोलण्यात प्रत्येक वाक्यामागे 'जी' लावणारी मुलगी मी. नाशकात माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. म्हणून आधी काकूंचं नाव लिहिते. पुढे लिहायचं आहे ते त्यांच्या यजमानांबद्दल, भास्करकाकांबद्दल, आणि काका असते तर तेही म्हणाले असते, "आधी मालकीणबाईंचं नाव घाल, मग माझं."

मी धानाच्या रोवणीसाठी गावी गेले होते. बांधावर ठेवलेला फोन वाजला, चिखलाच्या हातानेच उचलला. "हे गेले गं," काकू म्हणाल्या. सकाळी चहा मागितला, काकू कप घेऊन येईपर्यंत खुर्चीतच मान टाकलेली... "तू धावत येऊ नकोस. एवढ्या लांबून पोचणार कधी? आईला शेतात एकटी टाकू नकोस." मी पुन्हा चिखलात उतरले आणि रोवत राहिले. पेंढीतली रोपं संपली तरी हात तसाच पाण्यात जात होता, हे आईने सांगितलं तेव्हा कळलं.

भास्करकाका एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जिन्याखालच्या जागेत टेबल टाकलं आणि घरच्या घरी ॲम्प्लिफायर बनवायला घेतले. ज्यावर पार्ट बसवतात ती सर्किटची पाटीही ते स्वतःच तयार करायचे. संगणकावर रेषा आखायच्या, गुळगुळीत कागदावर आरशातल्यासारखी उलटी छपाई काढायची, तो कागद तांब्याच्या पत्र्यावर पालथा ठेवून वरून गरम इस्त्री फिरवायची, की नक्षी सरळ होऊन पत्र्यावर उतरते. इस्त्री अर्थात काकूंची. "ह्यांच्या गाण्यापायी माझ्या प्रत्येक पांढऱ्या ब्लाउजला काळा डाग आहे," काकू यायच्या-जायच्यांना सांगत. काका म्हणत, "डाग नाही, ती सही आहे माझी."

नाशकातल्याच अंबड वसाहतीतल्या एका कंपनीत मी पॅनेलच्या वायरी जोडते. त्यामुळे जिन्याखालून येणारा सोल्डरचा वास मला ओळखीचा होता. एकदा उतरताना थबकले आणि विचारलं, "मलाही बनवता येईल का जी?" काकांनी चष्म्यावरून बघितलं. "जी म्हणालीस म्हणजे येईलच." मला खरंच आवाज हवा होता. आमच्याकडे धान कापून झालं की नाटकं येतात, त्यांच्या भोंग्यांचा आवाज तीन गावं ऐकतात. नाशकातल्या माझ्या खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

काकांसारखा नाद असलेली आणखी बरीच माणसं मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये होती. चांदवडचे होते, इगतपुरीचे होते, मालेगावचे अनीसभाई होते. अनीसभाई यंत्रमागांची दुरुस्ती करतात, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभर मागांची खटखट ऐकलेल्या कानाला संध्याकाळी गोड आवाज औषधासारखा लागतो. पाट्या इस्त्रीने करण्यापेक्षा कारखान्यातून करून घ्याव्यात असं सगळ्यांच्या मनात होतं, पण कारखाना एक-दोन पाट्या करत नाही. तेव्हा काकांनी पुढाकार घेतला. माझ्यासकट सगळ्यांची मागणी एकत्र केली, आराखडा स्वतः काढला, प्रत्येकाला फोन करून "नक्की ना? नंतर नाही म्हणू नका" असं विचारलं आणि ऑर्डर पाठवली. ज्यांनी काकांना कधी पाहिलंही नव्हतं, त्यांनीही आधीच पैसे भरले. काकांना ह्याचं फार अप्रूप होतं. "तोंड न बघता विश्वास टाकला गं लोकांनी," असं जेवताना दोनदा तरी म्हणत.

खोकं आलं त्या रविवारी जे येऊ शकत होते ते आले. खाली सतरंजी, काकूंचे पोहे, मध्ये खोकं. काकांनी पहिली पाटी काढली. हिरवीगार, देखणी. त्यांनी ती जवळ धरली, मग लांब धरली. पाटीवर छापलेलं 'नाशिक' उलटं होतं. सगळंच उलटं होतं. इतकी वर्षं इस्त्रीसाठी छपाई उलटी काढायची सवय, त्याच हाताने त्यांनी कारखान्यालाही उलटाच आराखडा पाठवला होता. कारखान्याने दिलं तसं करून दिलं.

मला वाटलं, आता लोक उठून जातील. बोलणी मला बसणार नव्हती, तरी मी भिंतीकडे सरकले. काका मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी आहे. मी माझ्या खर्चाने परत मागवतो. आणि ह्यापुढे हे काम दुसऱ्या कुणीतरी बघा."

मग अनीसभाईंनी पाटी हातात घेतली, उलटसुलट केली. "काका, नाव उलटं आलं, ठीक हाय. गाणं तर सुलटं निघेल ना?"

"गाणं निघेल," काका म्हणाले. "सगळे पार्ट मागच्या बाजूने बसवले तर पाटी बरोबर चालेल. पण कुठे काय लावायचं ते छापलंय पुढे. मागे कोरी. नवीन माणूस शंभर टक्के चुकणार, आणि एक पार्ट उलटा बसला की फटकन जळणार."

"मग तुम्ही बसा ना आमच्या शेजारी," अनीसभाई म्हणाले. "परत मागवायचं कशाला? आम्हाला काय, दर रविवारी पोहे मिळतील."

आतून काकूंचा आवाज आला, "पोहे करीन. इस्त्री देणार नाही."

सगळे हसले, आणि त्या हसण्यात पहिल्यांदा काकांची मान वर आली.

मग पाट्या वाटायची वेळ आली. वाटेत खोकं आपटल्यामुळे काहींचे कोपरे दुखावले होते, आणि चांगली कुणी घ्यायची ह्यावर सगळे सभ्यपणे घुटमळत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे तळ्यातल्या मासोळीचे वाटे करतात तसं करा ना जी." कसं ते सांगितलं. वाटे मांडायचे, एकाने भिंतीकडे तोंड करून बसायचं, दुसऱ्याने एका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. आणि ज्याने वाटे मांडले, त्याने शेवटी उरेल तो घ्यायचा. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी मलाच भिंतीकडे बसवलं. "हा कुणाचा?" त्यांनी विचारावं, मी नाव घ्यावं. कोपरा तुटलेली पाटी अनीसभाईंना गेली, तशी मागून त्यांची कुरकुर ऐकू आली, "ह्या पोरीची पाठ पण बघते बरं का." शेवटी उरली ती काकांची.

त्यानंतरचे रविवार काकांनी दुसऱ्यांच्या पाट्यांना दिले. कुणी यायचं, कुणाची पाटी कुरिअरने यायची. त्यांनी एक युक्ती काढली होती. पाटी उजेडाकडे धरली, की मागच्या बाजूने ती उलटी अक्षरं सरळ दिसतात. तसं बघत ते पेन्सिलीने कोऱ्या बाजूवर खुणा करून द्यायचे. माझी पाटी पूर्ण झाली, पहिलं गाणं लागलं, तेव्हा काकू पदराला हात पुसत वरच्या खोलीपर्यंत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

काकांची मात्र राहिली. त्यांच्याजवळ एक कॅसेट होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी शेजारच्या हळदीत काकू गायल्या होत्या, ते त्यांनी टेपवर धरून ठेवलेलं. चांगल्या ॲम्प्लिफायरवर ते एकदा नीट ऐकायचं, ही त्यांची इच्छा. काकू म्हणायच्या, "तो भसाडा आवाज मोठा करून कोण ऐकतंय?" मी अधूनमधून विचारायची, "काका, आता तुमचा लावू या ना जी?" ते म्हणत, "शेवटचा वाटा माझा. आधी लोकांचं होऊ दे. तोंड न बघता दिलंय त्यांनी." मीही मग मान डोलवायची. गावी निघाले त्या दिवशी शेवटची परकी पाटी इगतपुरीला रवाना झाली होती. "आलीस की माझी घेऊ," असं ते म्हणाले होते...

परत आले तेव्हा काकांचे दिवस होऊन गेले होते. जिन्याखालचं टेबल तसंच होतं. काकू स्टुलावर बसून टेबलाचा खण आवरत होत्या. मी मदतीला गेले आणि पाठमोरी होऊन वरच्या फळीवरच्या वायरी उतरवू लागले. मागे खणाचा आवाज थांबला.

"हा कुणाचा गं?" काकूंनी विचारलं.

मला वळायची गरज नव्हती.

"काकांचा."

मी वळले तेव्हा काकूंनी पाटी बल्बसमोर धरली होती. मागून 'नाशिक' सरळ दिसत होतं, आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. काकांनी स्वतःसाठी केलेल्या, सगळ्या. फक्त पार्ट बसवायचे राहिले होते.

"लावू का जी?" मी विचारलं.

"आत्ता नको," काकू म्हणाल्या. पाटी खणात ठेवली, कॅसेट तिच्या शेजारी ठेवली आणि खण हलकेच लोटला.

मी घाई करणार नाही. ज्यांनी मला ह्या घराची किल्ली दिली, त्यांचा खण मी आपल्या मनाने उघडायची नाही. पण काकू, ज्या दिवशी तुम्ही म्हणाल, त्या दिवशी मी त्या खुणांवर एकेक पार्ट बसवीन, आणि तुमचा तो आवाज ह्या घरात मोठा करून लावीन. तेवढं मी ह्या घराचं देणं लागते.